टी-ट्यूब, स्टेंट आणि थायरोप्लास्टीचा ठोकळा: इंदुरात घेताना काय पाहावं

स्वरयंत्रात किंवा त्याच्या लगेच खाली बसवायची वस्तू हातात आली की आधी तिच्या कडा पाहाव्यात, कंपनीचं नाव मागाहून. चांगल्या प्रतीचं सिलिकॉन शरीर सहसा सोसून घेतं. घासणारी कड मात्र ते सोसत नाही. जिथे कड लागते तिथे अस्तर सोललं जातं, त्यावर मांसांकुर येतात, आणि ज्या अरुंद जागेसाठी नळी बसवली तीच जागा नळीच्या टोकाशी पुन्हा बुजायला लागते. टी-ट्यूब (अरुंद श्वासनलिका उघडी धरणारी T आकाराची नळी), स्वरयंत्राचे स्टेंट (स्वरयंत्राला आतून आधार देणारे साचे) आणि बसलेल्या आवाजासाठीचा थायरोप्लास्टीचा ठोकळा, या तिन्हींचं हे परीक्षण मुख्यतः कड आणि माप या दोनच गोष्टींभोवती आहे.

इंदुरात ही खरेदी बऱ्याचदा घाईत होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी पडते आणि ते दवा बाजारातल्या सर्जिकलच्या दुकानांचे जिने चढू लागतात. चिठ्ठीवर नुसतं 'टी-ट्यूब' असेल तर जी शिल्लक असेल ती मिळते. चिठ्ठीवर बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, वरच्या आणि खालच्या फाट्याची लांबी, सिलिकॉन की अन्य काही, आणि बूच व चकतीसकट हवी, एवढं लिहिलेलं असलं पाहिजे. एक माप वरचं आणि एक खालचं अशा आणखी दोन नळ्या न फोडता परत करायच्या बोलीवर आणून ठेवाव्यात. सील फुटलं की दुकानदार परत घेत नाही, आणि घेऊही नये. म्हणून जास्तीची नळी टेबलावर उघडायची ती खरोखर लागली तरच.

ही नळी लागते कोणाला, हे थोडक्यात सांगायला हवं. माळव्यात पिकावर फवारायचं औषध पोटात गेल्यामुळे किंवा अपघातात डोक्याला मार लागल्यामुळे माणूस बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहतो. घशातल्या नळीच्या फुग्याचा दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याच्या मर्यादेच्या वर गेला तर अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. नळीच मोठी असेल तर क्रिकॉइडच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या कूर्चेच्या, कड्यात जखम होते. ती भरताना आक्रसते, आणि रुग्ण घरी गेल्यावर काही आठवड्यांनी श्वास शिट्टीसारखा वाजू लागतो. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने गळा कापलेले दुचाकीस्वार, फास लागलेले, स्टिअरिंगवर गळा आपटलेले रुग्ण हे वेगळे. त्यांचं स्वरयंत्रच फुटलेलं असू शकतं, आणि मग टी-ट्यूबऐवजी किंवा तिच्याबरोबर स्टेंट लागतो.

आता प्रत्यक्ष नळी. बोस्टनच्या विल्यम माँटगोमेरी यांनी 1965 साली ती मांडली. सुरुवातीला ॲक्रिलिकची होती, मग सिलिकॉनची झाली, आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिला तीन फाटे: वरचा स्वरतंतूंच्या दिशेला, खालचा छातीच्या दिशेला आणि आडवा गळ्यातल्या भोकातून बाहेर. बाहेरच्या फाट्यावर खाचा असतात. त्यांत चकती अडकते, म्हणून नळी आत सरकत नाही. टोकाला बूच लागतं. बूच लावलं की हवा नाकातोंडातून, स्वरतंतूंमधून जाते आणि माणूस बोलतो. साध्या ट्रॅकिओस्टोमीच्या (गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत घालायच्या) नळीपेक्षा हिचा मोठा फायदा हाच: अरुंद जागा आतून ताणून धरलेली असते आणि आवाजही शाबूत राहतो. मोठ्यांसाठी बाहेरचा व्यास साधारण 10 ते 16 मिलिमीटर, मुलांसाठी त्याहून कमी. फार लहान मुलांत मात्र हिच्या वाटेला जाऊ नये. आठ मिलिमीटर किंवा त्याखालच्या नळीचं आतलं भोक इतकं लहान राहतं की कफाची एक खपली तिला बंद करते, आणि मूल सांगू शकत नाही.

माप ठरवताना दोन्ही बाजूंच्या चुका होतात. बायकांना बहुधा 11 किंवा 12 आणि पुरुषांना 13 किंवा 14 मिलिमीटर पुरते, पण हे डोळे झाकून घ्यायचं नाही. अरुंद भाग फुग्याने ताणून किंवा डायलेटरने मोकळा केल्यावर जी नळी ओढाताण न करता सरकते, ती योग्य. घट्ट बसवलेली नळी अस्तर दाबते. ढिली नळी खोकल्याबरोबर वरखाली होते, आणि तिची टोकं दिवसभर त्याच जागी घासत राहतात. दोन मापांत अडकलात तर मी धाकटी घेईन, पण मोठ्या माणसात 10 च्या खाली जाणार नाही, कारण तिथे खपलीचा धोका सुरू होतो.

लांबी हा खरा कसोटीचा भाग. वरच्या फाट्याचं टोक स्वरतंतूंच्या खाली किमान 5 मिलिमीटर, जमल्यास एक सेंटिमीटर असावं. टोक स्वरतंतूंच्या अगदी खालच्या पृष्ठभागाला टेकलं तर तिथे सूज आणि मांसांकुर ठरलेले. अरुंद जागाच स्वरतंतूंना लागून असेल तर अर्ध्यात थांबण्यापेक्षा टोक स्वरतंतूंच्या पार, खोट्या स्वरतंतूंच्या (खऱ्यांच्या वरच्या घड्यांच्या) ही वर न्यावं. मग आवाज घोगरा होतो किंवा जातो आणि पहिले काही दिवस पाणी ठसक्याने आत जातं, पण कड नाजूक जागी तरी लागत नाही. मोजायची पद्धत सोपी आहे. शून्य अंशाची दुर्बीण स्वरतंतूंवर नेऊन दातांच्या रेषेत तिच्या दांड्यावर खूण करायची. मग दुर्बीण गळ्यातल्या भोकाच्या मध्यापर्यंत सरकवून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर 32 मिलिमीटर आलं आणि 10 मोकळे सोडायचे असतील, तर वरचा फाटा आडव्या फाट्याच्या मध्यापासून 22 मिलिमीटर. 'मध्यापासून' हा शब्द कागदावर लिहा. कोणी वरच्या कडेपासून मोजतं, कोणी मध्यापासून, आणि त्या गोंधळात पाच-सहा मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात.

नळी कापायची वेळ आलीच तर ताज्या ब्लेडने एका झटक्यात, काटकोनात. कात्रीने कापलेली कड दातेरी होते. सिलिकॉन गरम करून गुळगुळीत होत नाही. ते वितळत नाही, जळतं. कापलेली कड बारीक डायमंड बरने (ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या टोकाने) फिरवून गोल करायची, सलाईनने भरपूर धुवायची आणि मग बोटाच्या टोकाने चाचपायची. हातमोज्यातून खरखर जाणवली, तर श्वासनलिकेला ती नक्की जाणवणार. यासाठीच हव्या त्या लांबीची, कारखान्यातच गोल केलेल्या कडांची नळी मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत असं माझं मत आहे. आयात केलेल्या आणि देशी नळीच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. देशी नळी वाईट असते असं नाही, पण तिची कड, आतल्या जोडाची शिवण आणि भिंतीची सारखी जाडी एकेक नळी उजेडात धरून पाहावी लागते. तिन्ही फाटे जिथे मिळतात त्या कोपऱ्यात आतून फुगवटा किंवा सुटलेला धागा दिसला तर ती नळी बाजूला ठेवा. खपली धरते ती नेमकी तिथेच. दाबून पाहिल्यावर खालचा फाटा चेपून लगेच मूळ आकारात यायला हवा. लगेच न येणारी नळी खोकल्यात आत दबते.

वेष्टनावर लॉट क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक आणि निर्जंतुक केलेली आहे की नाही, हे वाचा. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम 2017 चे, ते 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. आयात केलेल्या नळीवर आयात परवान्याचा क्रमांक असतो. 'नॉन-स्टेराइल' असं छापलं असेल तर ती वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये कंपनीच्या पत्रकाप्रमाणे निर्जंतुक करायची. ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने केली तर वायू निघून जायला पुरेसा वेळ द्यायचा, कारण सिलिकॉन तो शोषून ठेवतं. आणखी एक गोष्ट नर्सिंगच्या मुलामुलींना आवर्जून सांगावी: सिलिकॉन धागे आणि धूळ ओढून घेतं. निर्जंतुक नळी हिरव्या कापडावर ठेवू नका. स्टीलच्या वाटीत सलाईनमध्ये ठेवा.

बसवताना भूलतज्ज्ञाशी आधी बोलणं झालेलं हवं, कारण मधली काही मिनिटं श्वासमार्ग कोणाच्याच हातात नसतो. भोकातून खालचा फाटा वाकड्या आर्टरी फोर्सेपने (चिमट्याने) आत सरकवायचा. वरचा फाटा दुमडून त्याच्यामागून ढकलायचा आणि बाहेरचा फाटा पुढे ओढला की वरचा सुटून उभा राहतो. तो उभा राहिला नाही तर त्यात ओवून ठेवलेली फीत ब्रॉन्कोस्कोपमधून (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीतून) वर ओढतात. शेवटी दुर्बीण घालून वरून खालपर्यंत पाहायचंच: दोन्ही टोकं मोकळी, कुठेही घडी नाही. न पाहता टेबलावरून उठवलेला रुग्ण पहिल्याच रात्री घरघरतो.

पुढची लढाई घरी आहे, आणि ती बहुतेक नातेवाईक जिंकतात किंवा हरतात. धातूच्या फुलर किंवा जॅक्सन नळीला आतली नळी असते, ती काढून धुता येते. टी-ट्यूबला आतली नळी नाही. जे धुवायचं ते जागेवरच. सूज उतरेपर्यंत पहिले एक-दोन दिवस बूच उघडं ठेवतात. त्यानंतर ते दिवसरात्र लावलेलं असावं. बूच उघडं राहिलं की नाकाने ओली न झालेली हवा थेट नळीत जाते. इंदूरचा एप्रिल-मे कोरडा असतो, कूलर नसलेल्या खोलीत तर फारच. दोन दिवसांत कफ घट्ट होऊन नळीच्या आत चिकटतो. उघडं ठेवावंच लागलं तर समोर ओलं गॉज बांधा. दिवसातून तीन-चार वेळा 2 ते 3 मिलिलिटर निर्जंतुक सलाईन बाहेरच्या फाट्यातून सोडायचं, रुग्णाला खोकू द्यायचं, मग 10 किंवा 12 नंबरची सक्शनची नळी आधी खालच्या फाट्याकडे आणि मग वळवून वरच्या फाट्याकडे घालायची. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही. वरचा फाटा विसरला जातो, आणि आवाज हळूहळू बसायला लागतो तो त्यामुळेच. व्हॅसलीन, तेल काही लावू नका. लागलीच तर पाण्यात विरघळणारी जेली. नळाचं पाणी नळीत कधीही नाही. रंगपंचमीच्या गेरीत (मिरवणुकीत), गुलाल आणि पाण्याच्या तोफांच्या गर्दीत, टी-ट्यूब असलेल्या माणसाने जाऊ नये. बूच निसटलं तर रंग थेट फुफ्फुसात जातो.

नळी अचानक बंद पडली तर क्रम पाठ हवा. बूच काढा. सलाईन आणि सक्शन. तरीही श्वास येत नसेल तर बाहेरचा फाटा आर्टरी फोर्सेपने घट्ट पकडून सरळ पुढे, न थांबता ओढा. दोन्ही फाटे दुमडून बाहेर येतात. मग भोकातून ट्रॅकिओस्टोमीची नळी. ती नळी घरातल्या पिशवीत आणि वॉर्डातल्या पलंगापाशी कायम हवी, 6 आणि 7 नंबरची, फुग्याची. हे एकदा डॉक्टरांनी किंवा नर्सने नातेवाइकांकडून प्रत्यक्ष हातात वस्तू देऊन करवून घ्यावं. तोंडी सांगितलेलं ऐन वेळी आठवत नाही.

भूल द्यायची वेळ पुन्हा आली, दुसऱ्या कशासाठीही, तर टी-ट्यूबला अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) थेट लागत नाही. तिच्या बाहेरच्या टोकाला 15 मिलिमीटरचा जोड नसतो. एंडोट्रॅकियल नळीचा (तोंडातून श्वासनलिकेत घालायच्या नळीचा) जोड काढून बाहेरच्या फाट्यात बसवावा लागतो, आणि वरच्या फाट्यातून हवा निसटू नये म्हणून तो फोगार्टी कॅथेटरने (टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने) किंवा घशात पॅक ठेवून अडवावा लागतो. कोणता जोड बसतो ते ऑपरेशनच्याच दिवशी करून पाहावं आणि तो रुग्णाला पिशवीत घालून द्यावा. सोबत एक कार्ड, हिंदीत: गळ्यात टी-ट्यूब आहे, व्यास एवढा, तोंडातून नळी आंधळेपणाने घालू नका. अपघातात रुग्ण बेशुद्ध पोहोचला तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना एवढं कार्ड पुरतं.

नळी बहुधा सहा महिने ते वर्षभर ठेवतात. मधे दुर्बिणीने तपासायची आणि बुरशीचे काळे ठिपके किंवा कडकपणा आला तर बदलायची. काढल्यावर मार्ग मोकळा राहीलच असं नाही. क्रिकॉइडचा सांगाडाच खचलेला असेल तर शेवटी अरुंद भाग कापून जोडण्याचं ऑपरेशन लागतं, आणि तिथे टी-ट्यूबला दोष देण्यात अर्थ नाही.

स्वरयंत्राच्या स्टेंटबद्दल थोडं. माँटगोमेरीचा साच्यातला सिलिकॉन स्टेंट आतल्या आकारात बेतलेला आहे, बायकांचं आणि पुरुषांचं माप वेगळं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या मॉनिये यांचा एलटी-मोल्ड त्याहून मऊ, टोकं गोल, आणि कडेच्या हिशेबाने मला सर्वांत पटलेला. जुना ॲबुल्कर स्टेंट टेफ्लॉनचा, कडक. मुलांच्या ऑपरेशनांत त्याने पुष्कळ काम केलं, पण मऊ पर्याय हाताशी असताना कडक का घ्यावा हा प्रश्न उरतोच. मोज्याच्या बोटात स्पंज भरून केलेला स्टेंट थोड्या दिवसांसाठी चालतो. पीव्हीसीच्या एंडोट्रॅकियल नळीचा तुकडा कापून वापरतात, तो मात्र दीर्घकाळ ठेवू नये: कापलेली कड तीक्ष्ण राहते आणि पीव्हीसी शरीरात कडक होत जातं. स्टेंट कोणताही असो, तो 2-0 प्रोलीनने (न विरघळणाऱ्या धाग्याने) गळ्याच्या कातडीतून आरपार टाका घेऊन बटणावर बांधतात, खाली ट्रॅकिओस्टोमी असतेच. टाका तुटला तर स्टेंट खाली सरकून ट्रॅकिओस्टोमीची वाट अडवतो. म्हणून बटणाखालची त्वचा रोज पाहायची आणि एकच टाका घेऊन थांबायचं नाही.

दोन स्वरतंतू पुढच्या कोपऱ्यात चिकटू नयेत म्हणून ठेवतात ती कील, म्हणजे पातळ सिलिकॉनचं पातं. दोन ते चार आठवडे, मग काढायची. पातं मागे फार लांब गेलं तर गिळताना ठसका लागतो. आखूड राहिलं तर पुढचा कोपरा पुन्हा चिकटतो.

थायरोप्लास्टीचा ठोकळा हा वेगळा प्रकार. श्वासमार्गाच्या आत नव्हे, थायरॉइड कूर्चेला खिडकी पाडून लुळ्या पडलेल्या स्वरतंतूला बाहेरून मध्याकडे ढकलायचं. जपानच्या नोबुहिको इस्शिकी यांनी 1974 साली थायरोप्लास्टीचे चार प्रकार मांडले, त्यातला हा पहिला. रुग्ण शुद्धीवर असतो, फक्त गळ्याचा भाग बधिर केलेला असतो, आणि तो 'ई' म्हणत असताना ठोकळा बसवला जातो. खिडकी पुरुषांत मध्यरेषेपासून सात-आठ आणि बायकांत पाच-सहा मिलिमीटर मागे, आणि कूर्चेच्या खालच्या कडेपासून 3 मिलिमीटर वर. खालची पट्टी त्याहून अरुंद ठेवली तर ती तुटते. वय झालेल्या पुरुषांत कूर्चेचं हाड झालेलं असतं, तिथे चाकू चालत नाही, ड्रिलच हवं.

ठोकळ्यांत निवड अशी: सिलास्टिकचा (सिलिकॉनचा) ठोकळा टेबलावर कोरायचा, स्वस्त आणि हवा तसा बेतता येतो, पण कोरणाऱ्याचा हात बसलेला हवा. माँटगोमेरीच्या तयार संचात बायकांसाठी 6 ते 10 आणि पुरुषांसाठी 8 ते 12 मिलिमीटरची मापं असतात, मोजायची हत्यारंही सोबत येतात. वेळ वाचतो, पण संचाच्याच मापाची खिडकी पाडावी लागते. गोर-टेक्सची (टेफ्लॉनच्या मऊ प्रकाराची) पट्टी खिडकीतून थोडी थोडी भरत जायची. मागेपुढे करता येते, कड नसल्यात जमा, पण भरताना पुढे जास्त गेली तर आवाज दाबलेला, कष्टाचा येतो. टायटॅनियमचा फ्रीड्रिश यांचा वाकवायचा पत्रा चांगला, पण महाग. इंदुरात सर्वसाधारण रुग्णालयासाठी मी सिलास्टिकचा ठोकळा आणि गोर-टेक्स हे दोन जवळ ठेवीन. संच रोज लागत नाही आणि मुदत संपून कपाटात पडून राहतो.

दोन गोष्टी इथे चुकतात. ऑपरेशन लांबलं की आत सूज चढते, आवाज चांगला वाटतो आणि ठोकळा लहान बसवला जातो. सूज उतरली की आवाज पुन्हा हवेचा. म्हणून मोजमाप लवकर उरकायचं आणि किंचित जास्त ढकलून थांबायचं. दुसरं, आतलं अस्तर न कळत फाटणं. ठोकळा बसवण्याआधी जखमेत सलाईन भरून रुग्णाला नाकतोंड दाबून जोर करायला सांगायचं. बुडबुडे आले तर त्या दिवशी ठोकळा बसवायचा नाही, नाहीतर तो पुढे श्वासमार्गात निघून येतो. आणि स्वरतंतूची नस तुटल्याची खात्री नसेल तर सहा महिने ते वर्षभर थांबा. पुष्कळांचा स्वरतंतू आपणहून हलू लागतो. तोपर्यंत स्वरतंतू फुगवणारं तात्पुरतं इंजेक्शन आहेच.

नळी किंवा ठोकळा सदोष निघाला, म्हणजे फाटा फाटला, खाच तुटली, वेष्टन आधीच उघडं होतं, तर तो फेकू नका. वस्तू, वेष्टन आणि लॉट क्रमांकाचा स्टिकर एका पिशवीत ठेवून मटेरिओव्हिजिलन्सकडे, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाकडे, कळवा. हा कार्यक्रम देशात 2015 पासून आहे, आणि तक्रार डॉक्टर, नर्स किंवा रुग्ण कोणीही करू शकतं. स्टिकरची दुसरी प्रत केसपेपरवर चिकटवलेली असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.